उन्हाळा काढलेली रोझमेरी पावसाळ्यात का मरते? काळ्या मातीवाल्यांसाठी

मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत तग धरलेली रोझमेरी (स्वयंपाकात घालतात ते उग्र वासाच्या पानांचं झुडूप) ऑगस्टमध्ये, आजूबाजूला सगळं हिरवंगार असताना, आठ-दहा दिवसांत वाळून काडी होते, हा त्रास ज्यांना दरवर्षी होतो त्यांच्यासाठी लिहितेय. लक्षणं अशी: आधी कोवळे शेंडे मान टाकतात, मग पानांचा गडद हिरवा रंग उतरून राखाडी होतो, मग एकेक फांदी तपकिरी पडत जाते, एक बाजू आधी जाते आणि दुसरी अजून हिरवी दिसते म्हणून आपण आशा धरून बसतो. आणि माती बोट घालून बघितली तर ओलीच. तुमचं हेच असेल तर हे तुमच्या कामाचं आहे, कारण हे फवारणीनं जात नाही आणि दरवर्षी नवं रोप आणूनही जात नाही, माझी चार रोपं अशीच गेलीत.

पहिलं रोप २०१५ च्या डिसेंबरात पुण्याहून आणलं होतं. पुढचा लातूरचा उन्हाळा कसा गेला ते इथल्या माणसाला सांगायला नको, एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेच ते वर्ष. झाडांच्या वाट्याला काय, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, ते पण तीन-चार दिवसांनी एक तांब्या. मोगरा गेला, जास्वंद गेली, कढीपत्त्यानं सगळी पानं टाकली, आणि रोझमेरी जशीच्या तशी, उलट हात लावला की वास आणखीनच उग्र. मला वाटलं, ही आता कशालाच मरत नाही. मग सप्टेंबरात पाऊस असा लागला की मांजरा धरण भरलं, सगळं लातूर आनंदात, आणि माझी रोझमेरी त्याच पंधरवड्यात गेली. शेंडे वाकलेले दिसले म्हणून पावसाची उघडीप झाली की मी तिला वरून पाणी पण घालत होते. सासऱ्यांनी बघितलं, जन्मभर शेती केलेला माणूस, म्हणाले, "अगं कामून पाणी घालालीस, वाफसाच नाही तिला." मी तेव्हा ऐकलं नाही, मला वाटलं ते ज्वारी-सोयाबीनचं बोलणं, कुंडीतल्या झाडाला कुठला आलाय वाफसा.

पण सगळा मामला तेवढाच आहे. वाफसा म्हणजे मातीत ओल पण असते आणि हवा पण असते ती अवस्था, शेतकऱ्याच्या घरात हे लहान पोरालाही माहीत असतं. रोझमेरीच्या मुळांना बाकी झाडांपेक्षा हवा जास्त लागते. ती मूळची भूमध्य समुद्राच्या काठची, खडकाळ, चुनखडीच्या उताराची, लॅटिनमधलं तिचं जुनं नावच समुद्राचं दव अशा अर्थाचं. तिकडे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. म्हणजे जेव्हा ओल असते तेव्हा गारवा असतो, आणि जेव्हा उष्णता असते तेव्हा कोरडं असतं. आपल्याकडे बरोब्बर उलटं, जून ते सप्टेंबर ओलं आणि उबदार दोन्ही एकाच वेळी. उबदार मातीत मुळं जास्त श्वास घेतात, पाण्यानं भरलेल्या मातीत हवा उरत नाही, आणि मूळकूज करणारे फायटोफ्थोरा, पिथियमसारखे जीव याच वेळी जोर धरतात. म्हणून ४३ डिग्रीचं कोरडं ऊन ती काढते आणि ३० डिग्रीची झड तिला मारते.

त्यात आपली काळी माती. बेसॉल्ट खडकापासून झालेली, चिकणमातीचं प्रमाण खोल काळ्या जमिनीत ४० ते ६० टक्के, पाणी पडलं की फुगते, सुकली की हातभर भेगा. कापसाला, तुरीला, शाळूला ती आईसारखी आहे, ओल धरून ठेवते म्हणूनच रब्बी पिकते आपल्याकडे, पण रोझमेरीला तोच गुण नडतो. बरेच जण म्हणतात आपल्या मातीत चुनखडी जास्त म्हणून येत नाही, सामू (pH) ८ च्या वर आहे वगैरे. चुनखडीनं हिचं काही बिघडत नाही, तिच्या मूळ गावी चुनखडीच आहे. सामू कमी करायला गंधक टाकत बसू नका, त्यापेक्षा निचऱ्याकडे बघा.

दुसरं रोप मेलं तेव्हा मी कुंडी उपडी करून बघितली, आणि हे प्रत्येकानं एकदा करावं. चांगलं मूळ पांढरट-पिवळसर असतं, ओढलं तर सुतळीसारखं ताणतं. माझ्या रोपाची मुळं काळपट तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की वरचं साल मोज्यासारखं निघून हातात यायचं आणि आत केसाएवढा दोरा राहायचा, वास नालीचा. आणि मधोमध, अंड्याएवढा, कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा जसा नर्सरीतून आला तसाच, पिळला तर पाणी निघालं. म्हणजे भोवती काळी माती, आत ओला स्पंज, मुळं दोन वर्षांत त्या गोळ्याच्या बाहेर नीट आलीच नव्हती. पॉलीहाऊसमधून येणारी रोपं कोकोपीटमध्येच असतात, तिथं ते बरोबर आहे, रोज मोजून पाणी मिळतं. आपल्या घरी आल्यावर लावताना तो गोळा बोटांनी हलकेच मोकळा करायचा, बाहेरचं निम्मं कोकोपीट झटकायचं. थोडी मुळं तुटतात, तुटू द्या. हे पावसाळ्यात करू नका फक्त, दिवाळीनंतर करा.

एक गोष्ट लक्षात ठेवा, हिची पानं फसवतात. जाड, कडक, कडा आत वळलेल्या, खालून पांढरी लव, ती पाणी धरून ठेवतात, त्यामुळे मूळ सडल्यावरही झाड आठवडाभर चांगलं दिसतं. शेंडा वाकला याचा अर्थ मुळाचं काम आधीच थांबलेलं असतं. तुळशीचं तसं नाही, तुळस तहानली की लगेच मान टाकते आणि पाणी दिलं की तासाभरात उभी राहते. दोघी एकाच कुळातल्या, पण सवयी निराळ्या, आणि घरोघरी चूक इथंच होते, सकाळी तुळशीला तांब्याभर घातलं की शेजारच्या रोझमेरीला पण घातलं जातं. माझ्या जाऊबाईंकडे हेच झालं. कुंडी तुळशीपासून लांब ठेवा, खरंच सांगते, एवढ्यानंच काहींची वाचेल.

आता मातीचं. मी सध्या वापरते ते मिश्रण: दोन भाग बारीक मुरूम किंवा नदीची जाडी वाळू, एक भाग हलकी माती, आणि एक भागाहून जरा कमी गांडूळ खत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत. हलकी म्हणजे माळरानाची, बरड, औशाकडं जाताना रस्त्याकडेला दिसते तशी. काळी माती अजिबात नाही, मूठभर पण नाही, कारण तिचे बारीक कण वाळूच्या फटीत जाऊन बसतात आणि सगळं सिमेंटसारखं होतं. बांधकामाची वाळू चालते पण आधी धुवून घ्या, बादलीत पाणी घालून ढवळायचं, गढूळ पाणी ओतायचं, तीन-चार वेळा. कोकोपीट मी घालतच नाही. मिश्रण बरोबर झालं का बघायला कुंडी भरून एक तांब्या पाणी ओतायचं, अर्ध्या मिनिटात खालच्या भोकातून यायला लागलं पाहिजे, वर साचून राहिलं तर अजून मुरूम घाला.

कुंडीच्या तळाला खडीचा थर द्या म्हणजे निचरा होतो, असं सगळेच सांगतात, मी पण द्यायचे. त्यानं निचरा होत नाही. बारीक मातीतून पाणी जाड खडीत लगेच उतरत नाही, माती पूर्ण भरेपर्यंत ते वरच थांबतं, म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर फुटक्या माठाची एक खापरी ठेवा, बस. कुंडी मातीची, भाजलेली, १० ते १२ इंची, प्लास्टिकची नको, आणि खाली दोन विटा ठेवून उचलून घ्यायची म्हणजे भोक फरशीला चिकटत नाही. ताटली ठेवू नका. गच्ची खराब होते म्हणून ताटली ठेवणारे खूप आहेत, त्यांची रोझमेरी त्या ताटलीतच बुडते.

जमिनीत लावायची असेल तर सपाट वाफ्यात लावूच नका. मुरूम आणि माती मिसळून फूट-दीड फूट उंच गादी करायची, उताराकडे चर काढून द्यायचा, आणि रोपाचा बुंधा आजूबाजूच्या मातीपेक्षा बोटभर वरच राहू द्यायचा. दोन रोपांत दोन-अडीच फूट अंतर. वर आच्छादन म्हणून उसाचं पाचट टाकू नका, इतर झाडांना ते सोनं आहे, पण हिच्या बुंध्याला ते ओल धरून ठेवतं. त्याऐवजी अर्धा इंच खडी पसरा, पावसाचे शिंतोडे पण उडत नाहीत पानांवर.

आता जातींचं, कारण प्रश्न येतो की कुठली घेऊ. आपल्याकडच्या नर्सरीत पाटीवर नुसतं रोझमेरी लिहिलेलं असतं, जात विचारली तर माणूस गोंधळतो, कधी कधी लव्हेंडरचं रोपसुद्धा रोझमेरी म्हणून हातात येतं. म्हणून आधी पान चोळून बघा, कापूर आणि निलगिरी यांच्या मधला वास आला पाहिजे, वरून गडद चकचकीत आणि खालून पांढरं. मग रोपाची ठेवण बघा. ढोबळमानानं दोन प्रकार, उभी वाढणारी आणि लोळणारी. मराठवाड्यासाठी माझं मत स्पष्ट आहे, पहिलं रोप उभ्याच जातीचं घ्या. टस्कन ब्लू मिळाली तर तीच, सरळ काठीसारखी वर जाते, पान जरा रुंद, फूल गडद निळं, जमिनीत पाच-सहा फूट होते, आणि फांद्या वर असल्यानं मधून वारा फिरतो. झडीच्या दिवसांत पानं लवकर सुकणं ही केवढी मोठी गोष्ट आहे ते दोन पावसाळे काढल्यावर कळतं. मिस जेसप्स अपराइट पण उभीच, पान बारीक, कुंपणाला छान. गोरिझिया ही इटलीतल्या त्या नावाच्या गावावरून, पान मोठं आणि वास जरा सौम्य, बटाट्याच्या भाजीत किंवा भाकरीबरोबरच्या लोण्यात घालायला मला तीच आवडते, उग्र वासाची घातली तर घरातले म्हणतात भाजीला औषधाचा वास येतोय. बार्बेक्यू नावाची जात जाड सरळ काड्यांसाठी प्रसिद्ध, पनीर ओवून भाजायला.

आर्प या जातीबद्दल वेगळं सांगते कारण ऑनलाइन तिची फार स्तुती वाचायला मिळते. टेक्ससमधल्या आर्प गावात १९७२ मध्ये मॅडलीन हिल या बाईंना सापडली म्हणून ते नाव, आणि तिचा मोठेपणा काय तर उणे २० च्या खालची थंडी सोसते. परभणीची थंडी आपल्याला खूप वाटते, पारा पाच-सहावर आला की शेकोट्या पेटतात, पण रोझमेरीच्या हिशेबात ती थंडी काहीच नाही, कुठलीही जात सहज काढते. म्हणून जास्त पैसे मोजून आर्प मागवू नका, तिच्या ज्या गुणाचे पैसे घेतात तो आपल्या कामाचाच नाही. परदेशातले लेख वाचून हिवाळ्यात कुंडी घरात घेणारे पण भेटलेत मला. हिवाळा हा आपल्याकडचा हिचा सगळ्यात सुखाचा काळ आहे, तिला पूर्ण उन्हात ठेवा.

लोळणारी म्हणजे प्रोस्ट्रेट, हंटिंग्टन कार्पेट वगैरे, दिसायला फार सुंदर, उंच कुंडीच्या कडेवरून खाली उतरते. पण जमिनीवर पसरू दिली तर पावसाळ्यात फांद्या ओल्या मातीला टेकतात आणि झाड मधून सडत येतं, माझी अशीच गेली. लावायचीच असेल तर उंच कुंडीत किंवा कठड्यावर, फांद्या हवेत लोंबत्या राहिल्या पाहिजेत. गुलाबी फुलाची माजोर्का पिंक, पिवळ्या कडांची गोल्डन, या हौसेच्या, एक साधं रोप दोन पावसाळे टिकवून दाखवलंत की मग घ्या. केसांसाठी पाणी उकळायला पाहिजे म्हणून विचारणाऱ्या खूप जणी आहेत हल्ली, त्यांना जातीचा विचार करायची गरज नाही, पण रोज पाला तोडायचा असेल तर एका रोपावर भागणार नाही, किमान तीन ठेवा आणि आलटून पालटून तोडा.

पाण्याचं वेळापत्रक मला कुणी विचारलं की मी वार सांगत नाही. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तर पाणी, नाहीतर नाही. कुंडी उचलून वजन बघायची सवय लागली की बोट पण घालावं लागत नाही. पाणी द्यायचं तेव्हा मात्र खालून निघेपर्यंत पोटभर द्यायचं, रोज थोडं थोडं शिंपडायचं नाही. एप्रिल-मे मध्ये माझ्या १० इंची कुंडीला एक दिवसाआड लागतं, शिवाय दुपारी बारानंतर सावली, ग्रीन नेट किंवा पूर्वेची भिंत. थंडीत आठवड्यातून एकदा. आणि मृग लागला की कुंड्या ओसरीच्या पत्र्याखाली, पण कडेला, जिथं पाऊस लागत नाही आणि उजेड भरपूर येतो. कोपऱ्यात अंधारात ढकलल्या तर भुरी येते, पानांवर पीठ सांडल्यासारखं दिसतं. श्रावणात मी महिन्यातून फार तर दोनदा पाणी दिलंय. जमिनीतल्या झाडाला तर चार महिने शून्य. आतल्या दाट बारीक फांद्या पावसाच्या आधी, मेच्या शेवटी, हातानंच काढून टाका म्हणजे हवा खेळते.

युरिया नको, शेणखताची पण हौस नको. वर्षातून एकदा, दिवाळीला, दोन मुठी गांडूळ खत पुरतं. जास्त खत दिलं की लांब लुसलुशीत शेंडे येतात, त्यांना वासही नसतो आणि सडतातही तेच आधी.

उन्हाळ्यात टोकं करपतात ते प्रकरण वेगळं आहे, दोन्हीची गल्लत करू नका. पानांची फक्त टोकं तपकिरी, माती कोरडी, कुंडीच्या बाहेर पांढरा खारट थर, तर तो बोअरच्या क्षारांचा त्रास. त्यात आरओचं वाया जाणारं पाणी जपून झाडांना घालणारे खूप, पाणी वाचवायची आपली सवयच आहे आणि ती चांगलीच आहे, पण त्या पाण्यात गाळलेले सगळे क्षार एकवटलेले असतात, ते फरशी पुसायला वापरा. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवलंत तर दिवाळीत एकदा कुंडीतून दोन-तीन बादल्या सोडा, साचलेले क्षार धुऊन जातात. आणि चैत्र-वैशाखात पानांवर सुईनं टोचल्यासारखे फिके ठिपके आणि बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी नावाची बारीक कीड, पहाटे पाईपनं पानांच्या खालून जोरात पाणी मारा, चार दिवसांनी परत. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

झाड आत्ता, आज, मान टाकून बसलंय त्यांच्यासाठी. पाणी बंद. नखानं बुंध्याची साल जरा खरवडा, आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी कोरडं असेल तर सोडून द्या. हिरवं असेल तर कुंडीतून काढा, काळी मुळं स्वच्छ कात्रीनं कापा, वरची एक तृतीयांश वाढ छाटा, पण पान असलेल्या भागातच, कारण बिनपानाच्या जून लाकडातून हिला सहसा फूट येत नाही. मग मुरुमाच्या नव्या मिश्रणात लावून सावलीत ठेवा. ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) खतात मिसळून आधीपासून दिला तर उपयोगाचा आहे, सडलेलं मूळ मात्र तो परत आणत नाही. मी प्रामाणिकपणे सांगते, अशी वाचवलेली दहातली दोन-तीन जगतात. म्हणून त्याच दिवशी, छाटलेल्या भागातले जे शेंडे अजून टणक हिरवे आहेत त्यांची कटिंगं करा, झाड गेलं तरी जात राहते.

कटिंगची खरी वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. फूल नसलेला शेंडा चार-पाच बोटं लांब, खाली गाठीच्या जरा खाली कापायचा, तीन भागांतली खालच्या दोन भागांची पानं ओरबाडून काढायची, आणि नुसत्या ओल्या वाळूत खोचायचा, चहाच्या कागदी कपाला भोकं पाडून पण चालतं. रूटिंग हार्मोन (मुळं फुटायचं औषध) असेल तर लावा, नसेल तर अडत नाही. सावलीत, वाळू दमट, चिंब नाही. चार ते सहा आठवड्यांनी हलकं ओढून बघा, धरून बसलं तर मूळ आलं. बी पेरायच्या भानगडीत पडू नका, उगवण कमी, महिना महिना वाट बघायची, आणि टस्कन ब्लूच्या बियांतून टस्कन ब्लूच येईल असं पण नाही. मी दर थंडीत सहा कटिंगं लावते, घरात बियाण्याची ज्वारी वेगळी बांधून ठेवतात तसं. चार तरी लागतात, दोन मी ठेवते, बाकीची बहिणीकडे नांदेडला जातात, म्हणजे माझ्याकडचं गेलं तर तिच्याकडून आणता येतं, २०२१ ला तसंच आणलं होतं.

एक शेवटचं राहिलं, मेलेल्या झाडाची माती. त्याच कुंडीत त्याच मातीत नवं रोप लावू नका, कूज करणारे जीव तिथंच असतात. ती माती बाजूला काढून ठेवा आणि एप्रिल-मे मध्ये ओली करून, गच्चीवर चार बोटं जाडीची पसरून, वरून पारदर्शक प्लास्टिक कडा दाबून बंद करा, चार ते सहा आठवडे. आपल्या उन्हात प्लास्टिकखाली हात ठेववत नाही इतकी ती तापते. कुंडी घासून धुवून त्याच उन्हात वाळवा. ती माती मी नंतर झेंडूला वापरते, रोझमेरीला नवीनच मुरूम आणते.